जंगल कोणाच्या नावावर? मुंबई उपनगरांतलं रान आणि सातबाऱ्याचा उतारा

आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं, ‘उपनगरात जंगल? बाग म्हणायचंय का?’ नाही, जंगलच म्हणायचंय. बोरिवली स्टेशनातून पूर्वेला चालायला लागलात तर वीसेक मिनिटांत जिथं पोचता, ते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण 104 चौरस किलोमीटरचं आहे. एका अंगाला गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर. दुसऱ्या अंगाला भांडुप, मुलुंड, ठाणे. मध्ये बिबट्याचा मुक्काम. एवढं बहुतेकांना माहीत असतं.

माहीत नसतं ते हे की उद्यानाचं कुंपण संपतं तिथं झाडं संपत नाहीत. ती पुढे उतरत जातात, कुणाच्या तरी खाजगी जमिनीवर, दुग्धविकास विभागाच्या जमिनीवर, एखाद्या पाड्याच्या परसात, एखाद्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपर्यंत. झाडाला सर्व्हे नंबर कळत नाही. पण झाड राहणार की जाणार हे मात्र सर्व्हे नंबरच ठरवतो. आज आपण बोलणार आहोत ते या कडेच्या जंगलाबद्दल: त्याची मालकी कोणाची, आणि मालकी ठरली म्हणजे रक्षण होतं का.

आधी ‘जुनं जंगल’ या शब्दाचं बघू, कारण इथंच गफलत होते. जुनं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माणसाचा हात न लागलेलं रान येतं. मुंबईजवळ तसं रान नाही, आणि गेली दोन हजार वर्षं तरी नसावं. उद्यानाच्या पोटात कान्हेरीची शंभराहून जास्त लेणी आहेत. तिथं भिक्षू राहत होते, पाण्याची टाकी खोदत होते, व्यापारी देणग्या देत होते. तिथल्या एका शिलालेखात मागाठाण्याच्या शेताच्या दानाचा उल्लेख आहे. आज मागाठाणे हे मेट्रोचं स्टेशन आहे. म्हणजे या जंगलाच्या काठावरच्या जमिनीची मालकी बदलल्याची नोंद आपल्याकडे सातबारा यायच्या कितीतरी शतकं आधी, दगडात कोरलेली आहे. (तलाठ्याला खोडता आली नाही ती एवढी एकच नोंद, असं आम्ही गमतीनं म्हणतो.)

मग जुनं कशाला म्हणायचं? झाडाचं वय हा एकच निकष धरला तर फसायला होतं. एखाद्या रस्त्यावरचा पर्जन्यवृक्षही शंभरीचा असू शकतो. जंगल जुनं असतं ते खालून. मातीत वर्षानुवर्षं कुजलेला पालापाचोळा, वाळवीनं पोखरलेली आडवी खोडं, उभ्या वाळलेल्या झाडांतल्या ढोल्या, मांडीएवढ्या जाड झालेल्या वेली, झाडोऱ्याचे तीन-चार मजले. ऐन, कळंब, हेद, आसाणा, धामण, पळस, काटेसावर ही इथली मंडळी. त्यांच्याखाली कारवी. कारवी सात वर्षं नुसती वाढते, आठव्या वर्षी एकदम फुलते, बी टाकते आणि मरते. उद्यानात ती 2008, 2016 आणि 2024 साली फुलली. आता विचार करा: एखाद्या उतारावर कारवी टिकायची असेल तर तो उतार निदान आठ वर्षं कुणी खरवडून काढता कामा नये. एका महानगरपालिकेची मुदत पाच वर्षांची असते.

हे सगळं निर्माण व्हायला जो काळ लागतो तो रोपं लावून विकत घेता येत नाही. ‘एका झाडाच्या बदल्यात तीन झाडं’ या हिशेबावर आमचा राग आहे तो म्हणूनच. हिशेब झाडांचा असतो, गेलेली वस्तू वेगळीच असते.

आणि इथं पहिली अडचण येते. कायद्याला ‘जुनं’ कळत नाही. भारतीय वन अधिनियम, 1927 मध्ये सरकारी जंगलाचे तीन प्रकार आहेत: राखीव वन, संरक्षित वन आणि ग्रामवन. दाट, विरळ, कोवळं, म्हातारं असा भेद त्यात नाही. कायदा विचारतो एवढंच, की अधिसूचना निघाली का, कोणत्या कलमाखाली, आणि जमीन कोणाची. त्यामुळे शे-दीडशे वर्षांचं रान अधिसूचनेबाहेर राहू शकतं, आणि एकही झाड नसलेला खडक ‘राखीव वन’ असू शकतो. दोन्हींची उदाहरणं महाराष्ट्रात हवी तेवढी सापडतील.

मुंबईच्या जंगलाला पहिलं खरं संरक्षण मिळालं तेही जंगल म्हणून नाही, पाणी म्हणून. शहराची तहान भागवायला विहार तलाव बांधला गेला, 1860 च्या सुमारास. तुळशीचा तलाव 1879 चा. पाणी स्वच्छ हवं तर भोवतालचे डोंगर मोकळे आणि झाडांखाली ठेवायला हवेत, म्हणून पाणलोट जपलं गेलं. आजही उद्यानातला सगळ्यात दाट भाग तुळशीच्या आसपास आहे. हा योगायोग नाही.

काढली की बजावली?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. ती एका नोटिशीची आहे.

1927 च्या कायद्यात 35 वं कलम आहे. ते सरकारच्या मालकीच्या नसलेल्या जंगलांबद्दल आहे. मूळ कल्पना चांगली होती: जमीन खाजगी असली तरी डोंगरउतारावरची माती धरून ठेवायची, दरडी थांबवायच्या, झरे आणि तळी राखायची, तर त्या जंगलातल्या तोडीवर सरकारला बंधन घालता यावं. मालकी मालकाचीच, फक्त हात बांधलेले. पण बंधन घालण्यापूर्वी मालकाचं म्हणणं ऐकायचं. त्यासाठी 35(3) खाली त्याला कारणे दाखवा नोटीस द्यायची, हरकती ऐकायच्या आणि मग 35(1) खाली अंतिम अधिसूचना काढायची. नोटीस कशी द्यायची हेही लिहिलेलं आहे: दिवाणी दाव्याचं समन्स बजावतात तशी.

पन्नासच्या दशकात मुंबई सरकारनं अशा पुष्कळ नोटिसा काढल्या. आजच्या मुंबई उपनगरात, ठाण्यात आणि बाहेरही. आणि मग बहुतेक प्रकरणांत पुढे काहीच झालं नाही. सुनावणी नाही, अधिसूचना नाही. कागद फायलीत, फाईल कपाटात.

वीसेक वर्षांनी महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, 1975 आला. तो 30 ऑगस्ट 1975 रोजी लागू झाला. हा कायदा हात बांधून थांबला नाही. त्या तारखेपासून राज्यातली सगळी खाजगी वनं सरकारच्या मालकीची झाली असं त्यानं सांगून टाकलं. (कायदेशीर लागवडीखालची ठरावीक मर्यादेपर्यंतची जमीन त्यातून वगळली होती.) आणि खाजगी वन म्हणजे काय, याच्या व्याख्येत एक पोटकलम टाकलं: जिच्याबद्दल 35(3) खाली नोटीस निघाली आहे अशी जमीन. झालं. कपाटातल्या त्या जुन्या नोटिशींना एका रात्रीत जीव आला. जमीन सरकारची झाली, आणि ते ना मालकाला ठाऊक, ना तलाठ्याला, ना पालिकेला.

पुढची तीस वर्षं काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. याच जमिनींवर सरकारच्या एका खात्यानं नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्यातून सूट दिली, दुसऱ्यानं बिगरशेतीची परवानगी दिली, पालिकेनं नकाशे मंजूर केले, निबंधकानं खरेदीखतं नोंदवली, बँकांनी कर्जं दिली. मुलुंडला, कांदिवलीला, बोरिवलीला माणसं राहायला आली. त्यातला कुणी जंगल गिळायला आला नव्हता. वन-बीएचके घ्यायला आला होता. आणि सातबाऱ्यावर ‘वन’ हा शब्द नव्हता. वनखात्यानं जमीन ताब्यात घेतलेली नव्हती, महसूल खात्यानं नोंद केलेली नव्हती. कायद्यानं मालक असलेल्या सरकारला आपण मालक आहोत हे आठवलंच नाही, असं म्हणायला हरकत नाही.

आठवण करून दिली पर्यावरणवाद्यांनी. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुपनं 2002 साली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली: 1975 च्या कायद्यानं सरकारकडे आलेल्या वनांची नोंद महसुली दप्तरात का नाही? 2005 मध्ये न्यायालयानं नोंदी अद्ययावत करायला सांगितलं आणि मग 2006 पर्यंत सपाट्यानं फेरफार झाले. लोकांच्या सातबाऱ्यावर ‘खाजगी वन’ असा शिक्का उमटला. घरांची खरेदी-विक्री अडकली, पुनर्विकास अडकला, कर्जं अडकली. ज्यांच्या जमिनी होत्या ते न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयानं 24 मार्च 2008 रोजी त्यांच्या याचिका फेटाळल्या. नोटीस निघाली होती ना? मग जमीन वन. त्याआधी 2000 साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाचाही कल तसाच होता.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यातलं मुख्य अपील गोदरेज अँड बॉइस कंपनीचं होतं, विक्रोळीच्या जमिनीबद्दल. तिचा इतिहास मोठा गमतीचा आहे: 1835 साली मुंबई सरकारनं फ्रामजी कावसजी बनाजी यांना कायमच्या पट्ट्यानं दिलेल्या मुलखात विक्रोळी होतं, 1948 साली जमीन कंपनीकडे आली, 1956-57 मधली 35(3) ची नोटीस, आणि 2006 चा शिक्का.

इथं आपल्या भाषेचा फायदा होतो. इंग्रजीतल्या कायद्यात जो शब्द आहे त्यासाठी मराठी कचेरीत दोन वेगळे शब्द आहेत. नोटीस ‘काढणं’ आणि नोटीस ‘बजावणं’. काढली म्हणजे साहेबाची सही झाली, जावक क्रमांक पडला. बजावली म्हणजे माणसाच्या हातात पडली, त्याची सही घेतली, घर बंद असेल तर दाराला डकवली आणि पंचनामा केला. गावाकडचा कुठलाही शेतकरी तुम्हाला हा फरक सांगेल. सर्वोच्च न्यायालयासमोरचा पन्नास-पंचावन्न वर्षांचा तंटा शेवटी या दोन क्रियापदांमधला होता. 1975 च्या कायद्यातल्या ‘नोटीस’चा अर्थ नुसती काढलेली नोटीस, की बजावलेली?

30 जानेवारी 2014 रोजी न्यायमूर्ती रा. म. लोढा, मदन लोकूर आणि कुरियन जोसेफ यांच्या पीठानं निकाल दिला. बजावलेली. आणि बजावलेली असली तरी ती चालू प्रकरणातली, जिवंत हवी. वीस वर्षं कुणी हात न लावलेल्या कागदाच्या आधारावर माणसाची जमीन घेता येणार नाही. उच्च न्यायालयाचा निकाल रद्द झाला, 2000 च्या निकालातला विचारही मागे सारला गेला. सगळ्या परवानग्या तपासून घर घेणाऱ्या नागरिकाला ‘तूच नीट बघायला हवं होतंस’ असं म्हणता येणार नाही, हेही न्यायालयानं मान्य केलं.

आमचं या निकालाबद्दलचं मत विचाराल तर ते सरळ आहे. नागरिकाच्या बाजूनं न्याय झाला. ज्या सरकारनं एका हातानं जमीन आपली म्हटली आणि दुसऱ्या हातानं तिथं इमारत बांधायला परवानगी दिली, त्याला यापेक्षा वेगळं काही मिळायला नको होतं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. इतक्या वर्षांच्या भांडणात निर्णय ज्यावर फिरला तो नोटिशीवर, झाडांवर नाही. ज्या जमिनी 2014 पर्यंत मोकळ्या राहिल्या होत्या, तिथं ऐन उभा होता की खडकाची खाण होती, कारवी होती की गवत, याला त्या तंट्यात दुय्यम जागा होती. आधी जंगल वाचलं ते कागदामुळे, आणि नंतर उघडं पडलं तेही कागदामुळे.

‘मग 1996 चा निकाल?’ असं इथं बसलेले कायद्याचे विद्यार्थी नक्की म्हणतील. बरोबर आहे. गोदावर्मन प्रकरणात 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वन (संवर्धन) अधिनियम, 1980 साठी ‘वन’ म्हणजे शब्दकोशातला अर्थ, मालकी कोणाचीही असो. जंगल दिसतं ते जंगल. तत्त्व उत्तम आहे, पण ‘दिसतं’ म्हणजे किती दिसायला हवं? ते राज्यांनी ठरवायचं होतं. गोव्यात यासाठी सावंत आणि करापूरकर अशा समित्या नेमल्या गेल्या, आणि तिथं निकष ठरले ते असे: सलग निदान 5 हेक्टर, पंचाहत्तर टक्के वनातल्या जातींची झाडं, आणि 0.4 हून कमी नसलेली छत्राची घनता. निकष असले म्हणजे मोजता येतं, आणि मोजता आलं की भांडताही येतं. पण उपनगरातल्या कडेच्या तुकड्यांना हे माप फार मोठं पडतं. तीन हेक्टरचा, डोंगराच्या घळीत उरलेला अस्सल जुना तुकडा त्यात बसत नाही. 2023 च्या दुरुस्तीनं तर व्याख्या पुन्हा नोंदीकडे ओढली. फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन तूर्त 1996 चाच अर्थ चालू ठेवला.

मालक सरकार असलं तर?

वरची गोष्ट ऐकून वाटेल, खाजगी मालकी हीच अडचण. तसं नाही. आरे बघा.

आरेची दूध वसाहत 1949 साली उभी राहिली, शहरातले गोठे बाहेर नेण्यासाठी. जमीन तीन हजार एकरांहून जास्त, मालक शासन, ताबा दुग्धविकास विभागाचा. इथं मालकीचा तंटाच नव्हता. त्यामुळेच तुकडे पडायला सोपं गेलं: चित्रनगरीला दिली, वेगवेगळ्या संस्थांना दिली. घरचीच जमीन, कुणाला विचारायचं? मेट्रो-3 च्या कारशेडसाठी साधारण 30 हेक्टर असेच निघाले. तो भाग जंगल आहे असं म्हणणाऱ्या याचिका मुंबई उच्च न्यायालयानं 4 ऑक्टोबर 2019 रोजी फेटाळल्या, त्याच रात्री कुऱ्हाड चालली, आणि 7 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं पुढची तोड थांबवेपर्यंत 2,141 झाडं गेली होती.

आता आम्ही जे म्हणणार आहोत ते आमच्या काही मित्रांना रुचत नाही. सगळं आरे म्हणजे जुनं जंगल नव्हे. रस्त्याकडेची पुष्कळ झाडं लावलेली आहेत, त्यात गुलमोहर आहे, पर्जन्यवृक्ष आहे, सुबाभूळ आहे. गवताची कुरणं आहेत, तबेले आहेत. पण उद्यानाला चिकटलेल्या पट्ट्यात, ओढ्यांच्या काठानं, खरं रान आहे, आणि बाकीचा सगळा भाग त्या रानाचं अंगण आहे. बिबट्या अंगणातूनच फिरतो. घर वाचवायचं आणि अंगण विकायचं, असं करता येतं का? पण असा विचार करायला कायद्यात जागाच नव्हती. ‘वन आहे किंवा नाही’ एवढाच प्रश्न होता, आणि अधिसूचना नव्हती म्हणून उत्तर ‘नाही’ आलं.

गंमत पुढे आहे. 2020-21 मध्ये शासनानं आरेतली सुमारे 800 एकर जमीन राखीव वन करण्यासाठी वनखात्याकडे दिली. त्या एकरांतली झाडं आदल्या वर्षी होती तीच होती. बदलला तो रकाना. पुढे 2022 मध्ये कारशेड मात्र पुन्हा आरेतच आली, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा आरेपासूनच सुरू झाला. तेव्हा मालकी सरकारची म्हणजे रक्षण, हे समीकरण सोडून द्यायला हवं. सरकार म्हणजे एक माणूस नाही. वनखातं, महसूल, दुग्धविकास, नगरविकास असे पाच-सहा भाऊबंद आहेत, आणि जमीन त्यांच्यात फिरत असते.

मग मालकीपलीकडे दुसरं काय आहे? हक्क. यासाठी थोडं लंडनला जाऊन येऊ.

लंडनच्या ईशान्य उपनगरांत एपिंगचं जंगल आहे, साधारण 2,400 हेक्टर, शेकडो वर्षांच्या डोकं छाटलेल्या झाडांसाठी प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकात तिथले जमीनदार कुंपणं घालून जंगल गिळत चालले होते. मालकी त्यांचीच होती, म्हणून ‘जमीन आमची’ हे त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. पण त्याच जमिनीवर आसपासच्या लोकांचे जुने हक्क होते: गुरं चारायचे, हिवाळ्यात सरपणासाठी फांद्या छाटायचे. लाउटन गावात रिवाज होता की हक्क जिवंत ठेवायचा तर 11 नोव्हेंबरच्या मध्यरात्री कुणीतरी जाऊन कुऱ्हाड लावलीच पाहिजे. थॉमस विलिंगेल हा तिथला मजूर ते करत राहिला. त्याच्या घरच्या माणसांना 1866 मध्ये तुरुंगातही जावं लागलं. पुढे लंडन शहराची महापालिका या भांडणात उतरली. तिला तिथं काय अधिकार? तर तिनं जवळच दफनभूमीसाठी जमीन घेतली होती, आणि त्या जमिनीबरोबर जंगलात गुरं चारायचा हक्क आला होता. दफनभूमीच्या जोरावर महापालिका गुराखी म्हणून न्यायालयात उभी राहिली! 1874 मध्ये कुंपणं बेकायदा ठरली आणि 1878 च्या खास कायद्यानं एपिंग कायमचं खुलं राहिलं.

ते साल लक्षात ठेवा. त्याच 1878 साली भारतात दुसरा कायदा आला, भारतीय वन अधिनियम, 1878. त्यानं इथल्या लोकांचे जंगलावरचे जुने वापर हक्क न धरता बहुतांशी सवलती धरले, हव्या तेव्हा काढून घेता येतील अशा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तर राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडण्यावरून इतकी बोंब झाली की 1880 च्या दशकात सरकारला वन आयोग नेमावा लागला. लाउटनचा मजूर फांद्या छाटतो तो हक्क, आणि बोरिवलीचा शेतकरी राबाला फांद्या छाटतो तो गुन्हा.

याची भरपाई म्हणून 2006 चा वनहक्क कायदा आला. आरेत आणि उद्यानात वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. वाघोबाला पुजणारी ही माणसं बिबट्यासोबत राहायचं कसं हे आपल्यापेक्षा जास्त जाणतात. पण वनहक्क कायद्याची सगळी यंत्रणा ग्रामसभेवर उभी आहे, आणि मुंबईत ग्रामपंचायतच नाही. पाडा महानगरपालिकेच्या प्रभागात. त्यामुळे दावा करायचा कुठं, यातच वर्षं जातात. आमच्या मते मुंबईच्या जंगलरक्षणातली सगळ्यात मोठी वाया गेलेली संधी हीच आहे. ज्याचा जंगलावर हक्क लिहून ठेवलेला आहे, तो उद्या तुकडा निघायला लागला की न्यायालयात ‘माझं नुकसान’ म्हणून उभा राहू शकतो. जो नुसता रहिवासी आहे, त्याला ‘पुनर्वसन’ एवढंच मिळतं.

आता थोडे प्रश्न घेऊ.

‘आमची सोसायटी उद्यानाच्या भिंतीला लागून आहे. आम्ही काय तपासायचं?’

मिळकत पत्रिकेवर थांबू नका. तुमच्या नगर भूमापन क्रमांकाचा जुना सर्व्हे नंबर शोधा, त्याचा सातबारा काढा आणि ‘इतर अधिकार’ रकाना वाचा. त्याला जोडलेले सगळे फेरफार काढा, विशेषतः 2005 ते 2007 मधले आणि 2014 नंतरचे. शिक्का काढला असेल तर कोणत्या आदेशानं काढला ते फेरफारात लिहिलेलं असतं. दुसरं, उद्यानाभोवतीचं पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र डिसेंबर 2016 मध्ये अधिसूचित झालं आहे, 59.46 चौरस किलोमीटर. त्याची रुंदी सगळीकडे सारखी नाही; कुठं 100 मीटर, कुठं 4 किलोमीटरपर्यंत. त्यात असलात तरी मालकी तुमचीच राहते, काही कामांवर मात्र बंधन येतं. म्हणजे 35 व्या कलमाची जी मूळ कल्पना होती, साधारण तीच, दुसऱ्या कायद्याखाली.

‘खाजगी मालक जंगल राखतो असं होतच नाही का?’

होतं. विक्रोळीलाच खाडीच्या बाजूची तिवरं बघा. ज्या कंपनीचा डोंगराकडच्या जमिनीवरून सरकारशी एवढा तंटा झाला, तिनंच खाडीकाठची तिवरं कित्येक दशकं राखलेली आहेत. तिवरांना तर 2005 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशांपासून, मालक कोणीही असो, संरक्षण मिळालं. त्यामागची वस्तुस्थिती सोपी आहे: तिवर ओळखायला निकष लागत नाही. ते असतं किंवा नसतं. डोंगरावरच्या रानाचं तसं नाही.

‘गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा बोगदा जंगलाखालून जाणार आहे. वरचं जंगल तर राहीलच ना?’

वरचं बरंचसं राहील. प्रत्येकी 4.7 किलोमीटरचे दोन बोगदे यंत्रानं खणले जाणार, वर हात लागणार नाही, हे नियोजन रस्ता वरून नेण्यापेक्षा नक्कीच बरं आहे. आमचं लक्ष दोन ठिकाणी आहे. एक, झरे, डोंगराच्या पोटातलं पाणी तुळशी आणि विहारकडे उतरतं, आणि खणकामात ते कुठं वळतं याची नोंद दर पावसाळ्यात ठेवायला हवी, काम संपल्यावरही. दुसरं, बोगद्याची तोंडं. बोगदा जमिनीखाली असला तरी त्याचं तोंड जमिनीवरच उघडतं, आणि झाडं जातात ती तिथं. गोरेगावकडचं तोंड चित्रनगरीत आहे, आणि चित्रनगरीची जमीन मुळातली आरेची. तिथल्या तोडीला परवानगी मागताना ‘वनजमीन किती आणि बिगरवन किती’ असा तक्ता जोडलेला असतो. तो मागवून घ्या आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघा. बिगरवन म्हणून लिहिलेल्या भागात काय उभं आहे ते.